एकच डबल बेस: ऑर्केस्ट्रा, जॅझ आणि ब्लूग्रास

प्रश्न थोडक्यात असा. बरीच वर्षं सिंफनी ऑर्केस्ट्रात डबल बेस वाजवणाऱ्या आणि सध्या नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या एका वादकाला जॅझ त्रिकूट आणि ब्लूग्रास (बँजो-मँडोलिनवर चालणारं अमेरिकन लोकसंगीत) बँड अशा दोन्हीकडून बोलावणं आलं आहे. वाद्य एकच आहे. तारा, ॲक्शन, उजवा हात, सराव यांत काय बदलावं, आणि त्यापायी ऑर्केस्ट्रातलं गजाचं काम बिघडेल का?

बिघडत नाही. रिचर्ड डेव्हिस स्ट्राव्हिन्स्की आणि बर्नस्टाइन यांच्या हाताखाली ऑर्केस्ट्रात वाजवत होते आणि त्याच काळात जॅझमधले आघाडीचे बेसवादकही होते. टेनेसीत वाढलेला एडगर मेयर कॉन्चेर्टो वाजवतो आणि ब्लूग्रासच्या मंडळींबरोबरही बसतो. त्याला २००० साली एव्हरी फिशर पुरस्कार आणि २००२ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्याकडेही हे नवं नाही. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला जॅझ बँड घेऊन आलेला लिऑन ॲबी स्वतः व्हायोलिनवादक होता, आणि पुढे गोव्याच्या कितीतरी वादकांनी मुंबईत दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये वाजवलं.

तिन्ही संगीतांत बेसचे स्वर फारसे निराळे नसतात. स्वर नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, हे मात्र प्रत्येक ठिकाणी निराळं असतं. बहुतेक ऑर्केस्ट्रावादक जॅझचे स्केल आणि ब्लूग्रासच्या धुना पाठ करण्यात महिने घालवतात, आणि स्वराची लांबी तशीच राहते. मग सगळे स्वर बरोबर असूनही बँडला वाटतं, काहीतरी जड आहे. म्हणून वाद्याची मांडणी एकदा उरकून घ्या आणि उरलेला सगळा वेळ स्वराच्या लांबीला द्या.

आधी ॲक्शन, म्हणजे तारेची फिंगरबोर्डापासूनची उंची. ती फिंगरबोर्डाच्या घोडीकडच्या टोकाशी मोजायची: स्टीलची पट्टी उभी धरून फिंगरबोर्डाच्या पृष्ठभागापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. ऑर्केस्ट्रात सर्वांत बारीक ‘जी’ (G) तारेला साधारण ७ मिलिमीटर आणि सर्वांत जाड ‘ई’ (E) तारेला १० ते ११ मिलिमीटर उंची असते. गजाने जोरात ओढल्यावर तार रुंद हेलकावते आणि उंची कमी असेल तर फिंगरबोर्डाला आपटून खरखरते, म्हणून एवढी जागा लागते. जॅझवाले जी ५ आणि ई ८ पर्यंत खाली आणतात, कारण डाव्या हाताला वेग मिळतो आणि छेडलेला स्वर जास्त रेंगाळतो. ब्लूग्रासला त्याहून वर हवी, कारण अँप नसताना बँजोच्या शेजारी ऐकू यायचं असतं. खाली ठेवलेल्या तारेवर जोर केला की आवाज मोठा होत नाही, नुसता फटफटतो. एकाच वाद्यावर तिन्ही करायचं तर जी ६ आणि ई ९ मिलिमीटर ठेवा. गजाचा फोर्टे, म्हणजे मोठा आवाज, जाणार नाही आणि बोटंही लवकर थकणार नाहीत. जॅझसाठी याहून खाली जाण्याचा मोह टाळा. ॲक्शन कमी ठेवायची सवय लागली की ऑर्केस्ट्रात परत आल्यावर पहिल्याच फोर्टिसिमोला तार कुरकुरते, आणि मग हात आपोआप गजाचं वजन चोरायला लागतो. ती चोरी नंतर सोडवणं फार अवघड जातं.

घोडीच्या पायांत उंची कमीजास्त करायची चाकं नसतील तर बसवून घ्या. हा खर्च सगळ्यात आधी करावा असा आहे. चाक फिरवण्याआधी चारही तारा साधारण अर्धा स्वर उतरवा, दोन्ही चाकं सारखी फिरवा, आणि पुन्हा सुरात आणल्यावर घोडी बाजूने बघा. घोडीची मागची, म्हणजे टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकतात तिकडची), बाजू वाद्याच्या पोटाशी काटकोनात हवी. तारा ओढताना घोडीचा माथा फिंगरबोर्डाकडे सरकतो; तसाच ठेवला तर काही महिन्यांत घोडी वाकते. तारा बदलतानाही एका वेळी एकच काढायची. चारही एकदम सैल केल्या तर साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या आत उभा असलेला लाकडी खुंट, पडू शकतो. तो पुन्हा उभा करायला कारागीर आणि हत्यार दोन्ही लागतात.

तारांच्या बाबतीत तडजोड अटळ आहे. थोमास्टिकच्या स्पायरोकोर तारा जॅझवाल्यांच्या लाडक्या आहेत: छेडल्यावर स्वर लांब टिकतो आणि त्यात एक गुरगुर असते. पण नव्या असताना गजाखाली त्या किरकिरतात आणि रुळायला काही आठवडे घेतात. उलट पिरास्ट्रोच्या फ्लेक्सोकोरसारख्या ऑर्केस्ट्रासाठीच्या तारा गजाला चटकन बोलतात, पण छेडल्यावर लवकर विझतात. आतड्याच्या तारांचा ठोका ब्लूग्रासला आणि स्लॅपला (तार ओढून फिंगरबोर्डावर आपटण्याला) सुंदर लागतो, मात्र त्या हवेबरोबर उतरतात-चढतात आणि अख्खा ऑर्केस्ट्रा ज्याला सूर जुळवतो त्या ओबोच्या ए-शी जुळवून ठेवणं कष्टाचं होतं. गज आणि छेडणं या दोन्हींसाठी बनवलेल्या तारा मिळतात, डॅडारिओच्या हेलिकोर हायब्रिड हे त्यातलं सहज सापडणारं नाव. माझा सल्ला सरळ आहे: पोटापाण्याचं काम ऑर्केस्ट्रात असेल तर गजाला बोलणारी तार लावा आणि पिझिकाटो, म्हणजे बोटाने छेडणं, हाताने सुधारा. गजाला नकार देणारी तार हाताने सुधारत नाही.

तुमच्या वाद्याला सी एक्स्टेन्शन असेल, म्हणजे ई तार डोक्यावरून पुढे जाऊन खालच्या सीपर्यंत उतरत असेल, तर जॅझ किंवा ब्लूग्रासला जाताना ईवरची खीळ नीट बंद आहे ना ते बघा. गजाने वाजवताना न जाणवणारी सैल खीळ जोरात छेडल्यावर किणकिणते, आणि माणूस तासभर घोडीत दोष शोधत बसतो.

रोझिनचा, म्हणजे गजाला लावायच्या राळेचा, त्रास वेगळा आहे. गज फिंगरबोर्ड आणि घोडी यांच्या मधल्या भागात चालतो आणि बोट फिंगरबोर्डाच्या टोकावर छेडतं, त्यामुळे जागा वेगळ्या असतात. पण भुकटी खाली पडते आणि तार चिकट होते. बोट सुटताना चर्रकन आवाज येतो. दर वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तार वरपासून खालपर्यंत पुसा. फारच थर बसला तर फडक्यावर थेंबभर स्पिरिट घ्या आणि वाद्याच्या पोटावर दुसरं जाड फडकं अंथरा. स्पिरिटचा एक थेंब व्हार्निशवर पडला तर तिथला रंग जातो.

आता उजवा हात. ऑर्केस्ट्रातलं पिझिकाटो बहुतेकदा हातात गज असतानाच करायचं असतं, म्हणून बोटाच्या टोकाने, तारेशी काटकोनात आणि हलकं होतं. हे घेऊन जॅझमध्ये गेलात तर आवाज बारीक येतो. तिथे अंगठा फिंगरबोर्डाच्या कडेला, टोकापासून चारपाच बोटं वर टेकवा. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर झुकवा, म्हणजे पहिल्या पेराची पूर्ण बाजू तारेवर येते. मग बोट वळवून ओढू नका. हाताचं वजन आडवं जाऊ द्या, आणि बोट पुढच्या तारेवर जाऊन विसावू द्या. मांसाचा जितका जास्त भाग तारेला लागतो तितका स्वर गोल होतो. जलद लयीत तर्जनी आणि मधलं बोट आलटून-पालटून चालवावं लागतं. दोन्ही बोटांचा आवाज सारखा व्हायला वेळ लागतो, कारण मधलं बोट लांब असल्याने आपसूक टोकावर येतं. मनगट किंचित फिरवून ते बाजूवर आणा.

ब्लूग्रासमध्ये हात तोच, पण ओढ जास्त. अनेकजण तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवून दोन्हीनी एकत्र छेडतात. जागा फिंगरबोर्डाच्या टोकाशी, जिथे ठोका जास्त स्पष्ट येतो.

सुरुवातीला एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त जोरकस पिझिकाटो करू नका. तर्जनीच्या कडेला फोड आला तर तो गज धरतानाही दुखतो, फ्रेंच पकड असो की जर्मन. फोड फोडू नका, त्या दिवशी फक्त गज वाजवा. घट्टा पडायला काही आठवडे जातात.

स्वराच्या लांबीकडे येऊ. खालचा मोकळा ई सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचं एक आवर्तन पूर्ण व्हायला साधारण २४ मिलिसेकंद लागतात. गजाने तो स्वर स्थिर व्हायला अशी कित्येक आवर्तनं जावी लागतात. त्यामुळे ऑर्केस्ट्रातला बेसवादक गज किंचित आधी लावायला शिकतो आणि त्याच वेळी कंडक्टर आणि शेजारचे चेलो यांच्याकडे कान ठेवून जुळवून घेतो. छेडलेला स्वर मात्र लगेच उमटतो. जुळवून घेण्याची सवय तशीच नेली की जॅझमध्ये तुम्ही ड्रमरची वाट बघता, ड्रमर तुमची बघतो, आणि लय मंदावत जाते. छोट्या बँडमध्ये बेसने कोणाच्या मागे जायचं नसतं. लय तुमची आहे असं धरून स्वर टाकायचा.

जॅझच्या वॉकिंगमध्ये मात्रेला एक स्वर येतो आणि प्रत्येक स्वर पुढच्याला टेकेपर्यंत वाजला पाहिजे. डाव्या हाताचं बोट लवकर उचलणं हा इथला सर्वांत मोठा दोष. ऑर्केस्ट्रावादकाला शुद्ध, सुटे स्वर काढायची सवय असल्याने तो हमखास होतो. पुढचं बोट दाबेपर्यंत मागचं दाबलेलंच ठेवा.

ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात. बेस आणि मँडोलिन मिळून तबल्याचं काम करतात: बेस हा डग्गा, आणि मँडोलिनचा चॉप, म्हणजे लगेच तोडलेला कोरडा ठोका, ही चाट. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, चॉप दुसऱ्या आणि चौथ्या. लय मध्यम-जलद असेल, समजा मिनिटाला बेसचे १३० ठोके, तर दोन ठोक्यांमध्ये ०.४६ सेकंद असतात आणि चॉप बरोबर मध्ये, ०.२३ सेकंदांवर पडतो. तुमचा स्वर चॉप येईपर्यंत भरीव असावा आणि चॉप येताच बाजूला व्हावा. लांबला तर मँडोलिनचा कोरडा ठोका बुडतो आणि अख्खा बँड चिखलातून चालल्यासारखा होतो. फार तोकडा ठेवला तर बँजो हवेत तरंगते.

स्वर थांबवायचा डाव्या हाताने: बोट न उचलता दाब सोडायचा, म्हणजे तार बोटाखालीच मिटते. खरी अडचण मोकळ्या तारांची. ब्लूग्रासच्या आवडत्या पट्ट्या जी, ए आणि डी. या तिन्हीत मूळ स्वर आणि त्याचा खालचा पंचम बेसवर मोकळ्या तारेवर मिळतो. जीला जी आणि डी, डीला डी आणि ए, एला ए आणि ई. म्हणून नवखा खुशीत मोकळ्या तारा वाजवतो, आणि मोकळी तार काही केल्या गप्प बसत नाही. तिच्यावर डाव्या हाताची दोन-तीन बोटं आडवी, न दाबता ठेवायची सवय लावा. एकच बोट ठेवलंत तर कधीकधी हार्मोनिक, म्हणजे वरचा शिट्टीसारखा स्वर, वाजतो, म्हणून दोन तरी हवीत. आठवडाभर फक्त एवढंच करा: मेट्रोनोम चॉपच्या जागी धरून जी आणि डी, आणि प्रत्येक क्लिकला शांतता. ध्वनिमुद्रण करून ऐका. वाजवताना जे नीट वाटतं ते ऐकताना बहुधा लांब निघतं.

बी आणि बी-फ्लॅट या पट्ट्याही गायकांच्या सोयीने वारंवार येतात. गिटार आणि बँजो कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून मोकळे होतात, बेसला तशी सोय नाही. पण बेसच्या तारा चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे खालचा पंचम नेहमी शेजारच्या जाड तारेवर, त्याच जागी असतो. ए तारेवर बी दाबलात की ई तारेवर त्याच ओळीत एफ-शार्प. बोट दोन तारांवर आडवं टाकून वजन इकडून तिकडे लवंडायचं. उचलून दुसरीकडे ठेवायला गेलात तर जलद लयीत सूर घसरतो.

कागद नसतो हे गृहीत धरा. नॅशव्हिलच्या पद्धतीने कॉर्डना आकडे असतात: १, ४, ५. सा, म आणि प वर उभे राहिलेले कॉर्ड एवढंच ते आहे, आणि आपल्या कानाला हे परकं नाही. गाणं माहीत नसेल तर गिटारवाल्याचा डावा हात बघा. जी, सी आणि डीच्या बोटांचे आकार ओळखायला शिका आणि कॅपो कितव्या फ्रेटवर आहे ते मोजा: जीचा आकार दुसऱ्या फ्रेटवरच्या कॅपोसह ए होतो, तिसऱ्यावर बी-फ्लॅट, चौथ्यावर बी. जॅममध्ये गाणं सांगणारा पट्टी सांगतो, सोलो नजरेच्या इशाऱ्याने फिरतो, आणि शेवटची फेरी आली की म्होरक्या पाय उचलून दाखवतो. त्यामुळे मान वर ठेवून वाजवता आलं पाहिजे. डाव्या हाताकडे बघत राहिलात तर शेवट चुकेल.

जागा भरण्याचा मोह इथे आवरायला हवा. चार स्वरांची चाल फक्त कॉर्ड बदलताना: जीवरून सीला जाताना जी, ए, बी आणि समेवर सी. एका कडव्यात असं एकदोनदा पुरतं. कंट्री जंटलमेनचा टॉम ग्रे याहून पुष्कळ चालता-बोलता बेस वाजवायचा आणि ते शोभायचं, पण त्याच्या प्रत्येक चालीच्या शेवटी पुढचा कॉर्ड वेळेवर उभा असायचा. आधी साधं पक्कं करा.

जॅझच्या वॉकिंगला उलट सतत चालावं लागतं. सुरुवातीला एकच नियम पुरे: पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर, चौथ्या मात्रेवर पुढच्या मूळ स्वराच्या अर्ध्या स्वराने वरचा किंवा खालचा स्वर. सी पट्टीतलं नेहमीचं वळण घ्या. डी मायनरवर डी, एफ, ए, ए-फ्लॅट, जी सेव्हनवर जी, बी, डी, डी-फ्लॅट, मग सी. हे बाराही पट्ट्यांत, कागदाशिवाय. मेट्रोनोम ८० ला लावून क्लिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा, म्हणजे लय १६० होते. ते जमलं की क्लिक फक्त चौथ्या मात्रेवर ऐकायला शिका.

जॅझमध्ये गजाने सोलो करायचा असेल तर जिमी ब्लँटन आणि पॉल चेंबर्स यांना ऐका. ऑर्केस्ट्राची दोन वळणं इथे आडवी येतात. एक, प्रत्येक स्वरावर व्हायब्रेटो. तो फक्त लांब स्वराच्या शेवटी ठेवा. दुसरं, मात्रेवर गज बदलणं. अर्ध्या मात्रेच्या स्वरांच्या ओळीत उपमात्रेवरच्या स्वरापासून पुढच्या मात्रेपर्यंत गज जोडून घ्या, म्हणजे वजन मात्रेवरून हलतं. गज थोडाच वापरा, मध्याच्या जरा खाली. पिझिकाटोवरून गजावर पटकन जाण्यासाठी टेलपीसला बांधायचा चामडी भाता मिळतो, तो घ्याच. गज खाली ठेवला की कोणीतरी त्यावर पाय देतं.

अँपबद्दल थोडंच. घोडीवरचा पिएझो पिकअप थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला की खालचा आवाज जातो आणि नाकातला उरतो. त्याला किमान १ मेगाओहम, शक्य तर १० मेगाओहम इनपुट इम्पिडन्सचा प्रिॲम्प हवा. ४० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज गाळणारा, लावा. घुमायला लागलं तर इक्वलायझरला हात लावण्याआधी फेजचं बटण उलटं करून बघा. ब्लूग्रासमध्ये एकाच माइकभोवती सगळे उभे असतील तर बेस एक पाऊल मागे राहतो आणि आवाज हाताने सांभाळतो.

हवेकडे लक्ष ठेवा. दमट हवेत वाद्याचं पोट फुगतं आणि ॲक्शन वर जाते. हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आकसतं, ॲक्शन खाली येते आणि कडेचे जोड उघडतात. मिलिमीटरभर फरक सहज पडतो. खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात वाजवायची वेळ आली तर तिथे गेल्यावर दोन-तीन दिवस चाकांना हात लावू नका, वाद्याला आधी हवा लागू द्या. जोड उघडला तर घरगुती गोंद मुळीच नको. तिथे सरसच लागतो, जो पुढे पुन्हा उघडता येतो.

रोजच्या सरावात क्रम महत्त्वाचा. आधी गज, ताज्या हाताने: ६० च्या लयीत लांब स्वर, मग ऑर्केस्ट्राचे उतारे. पिझिकाटो नंतर. उलट केलंत तर कोपराखालचा स्नायू आवळलेला राहतो आणि गज हळू ओढताना थरथरतो. स्लॅप करायची असेल तर ती शेवटी, आणि ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अजिबात नको, कारण बोटं सुजतात. ऑडिशन असेल तर दोन आठवडे आधी ॲक्शन ऑर्केस्ट्राच्या मापावर न्या आणि तिथेच ठेवा. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागातल्या ट्रायोसारखा उतारा बदललेल्या उंचीवर बसायला तेवढे दिवस लागतात. त्या दोन आठवड्यांत जॅझ-ब्लूग्रासचे कार्यक्रम घ्यायला हरकत नाही, तार थोडी कडक लागेल एवढंच.